दुसऱ्या दिवसाच्या गोष्टी
(आकाशवाणीवरील भाषणाचा संपादित भाग)



आज मला माझ्या वाचनातल्या दोन कप्प्यांविषयी बोलायचं आहे. एका कप्प्यात ऐतिहासिक कादंबऱ्या आहेत. दुसऱ्यात मराठी मुलखातल्या ख्रिस्ती बायकांची पुस्तकं आहेत, म्हणजे त्यांनी लिहिलेली आणि थोडीफार त्यांच्याविषयी लिहिलेली. पहिला कप्पा माझ्या वयाच्या कुठल्याही मराठी वाचकाकडे सापडेल. दुसरा तितकासा सापडणार नाही. मी मुसलमान आहे, मराठीत कविता लिहितो. या दोन्ही कप्प्यांत माझ्यासारखं माणूस फारसं येत नाही. पहिल्यात येतं ते बहुधा शत्रूच्या छावणीतून. तरी माझ्यातला वाचक घडला तो याच पुस्तकांवर, आणि दुसऱ्या कप्प्यानं मला पहिला कप्पा नव्यानं वाचायला लावला. त्याचीच ही हकिगत.

मी अहमदनगरचा. सरकारी कागदावर आता अहिल्यानगर झालं आहे, आम्ही बोलताना पूर्वीपासून नुसतं नगर म्हणतो. वडील टेलर होते. घरी आम्ही दखनी बोलत असू, उंबरठ्याबाहेर मराठी. शाळा मराठी. आठवीत असताना वाचनालयाचं कार्ड मिळालं आणि मी ऐतिहासिक कादंबऱ्यांच्या कपाटाला जाऊन भिडलो, तो तीन-चार वर्षं तिथून हललो नाही. हरि नारायण आपट्यांचं ‘उषःकाल’, रणजित देसायांची ‘स्वामी’, ना. सं. इनामदारांची ‘झेप’, ‘राऊ’, ‘शहेनशहा’. पुस्तकं जाड असत आणि बांधणी सुटलेली. मधलं एखादं पान कुणीतरी फाडून नेलेलं असे. मग त्या पानावर काय घडलं असेल ते मी मनाशी रचत बसे. कविता लिहायच्या आधी मी असा गद्य लेखक होतो.

वर्गात मात्र हेच वाचन अवघड होई. इतिहासाचा तास रंगला, ‘यवन’ हा शब्द आला, की पुढच्या बाकावरची दोन-चार डोकी मागे वळत. त्यात दुष्टावा नव्हता. घड्याळाचे ठोके पडले की आपण नकळत घड्याळाकडे बघतो, तसं ते होतं. मी पण मग मागे वळून बघत असे. माझ्यामागे भिंत होती. पोरं हसत, मास्तरही हसत, आणि तास पुढे जाई. हे मी तक्रार म्हणून सांगत नाही. या कादंबऱ्यांवर माझा जीव होता आणि अजून आहे. थेऊरला माधवराव खंगत जातात ती पानं मी आमच्या माळ्यावर बसून वाचली आणि अक्षरशः रडलो. पुढे दूरदर्शनवर ‘स्वामी’ मालिका आली. आमच्या गल्लीत टीव्ही मोजकेच होते. एकाच्या घरात अर्धी गल्ली बसायची, त्यात आमच्या घरच्या बायकाही असत.

‘स्वामी’चा शेवट सगळ्यांना माहीत आहे. १७७२ साली थेऊरला माधवराव गेले आणि रमाबाई सती गेल्या. हा इतिहासच आहे, कादंबरीकारानं पदरचं घातलेलं नाही. पण वाचताना त्या शेवटाभोवती एक तेज असतं. मळवट, हिरवं लुगडं, वाणं, लोटलेली गर्दी. डोळे भरून येतात आणि पुस्तक मिटतं. मालिका संपली त्या दिवशी बायका पदरानं डोळे पुसत होत्या. अम्मी उठता उठता म्हणाली, ‘‘अच्छी थी बिचारी. पर उसकू किसी ने पूछा क्या?’’ कुणी उत्तर दिलं नाही. मीही दिलं नाही. कथेत इतके बुडालेले असताना असले प्रश्न नकोसे वाटतात.

मस्तानीचं तसंच. आमच्या वयाच्या मुसलमान पोरांना मराठी ऐतिहासिक कादंबरीत आपलं म्हणावं असं एक पात्र सापडे, ते हे. पण तिच्याविषयी आपल्याला काय ठाऊक असतं? पान खाल्लं की त्याचा रस गळ्यातून उतरताना दिसायचा. एवढी ती गोरी, एवढी नितळ! दंतकथेनं त्या बाईचा गळा एवढा पारदर्शक केला आणि त्या गळ्यातून निघालेलं एक वाक्य आपल्यापर्यंत पोचू दिलं नाही. मुलाला निजवताना ती कुठल्या भाषेत बोलत असेल? बुंदेलखंडी? की पुण्यात राहून शिकलेली चार मराठी वाक्यं? बाजीराव आणि मस्तानी दोघंही १७४० मध्ये गेले, आणि त्यांच्यावरच्या बहुतेक गोष्टी तिथंच संपतात. मागे एक पाच-सहा वर्षांचा मुलगा उरला होता. समशेर बहादूर. तो पेशव्यांच्या कुटुंबात वाढला, मराठ्यांच्या बाजूनं पानिपतावर लढला आणि १७६१ मध्ये त्या लढाईतल्या जखमांनी गेला. तेव्हा तो तिशीचाही नव्हता. आईवडील एका वर्षात गेलेल्या त्या पोराची दुसऱ्या दिवशीची सकाळ कशी उजाडली असेल, त्याला दूध कुणी दिलं असेल, ही कादंबरी मला वाचायची आहे. शिरूरच्या बाजूला पाबळला मस्तानीची कबर आहे. मी दोनदा जाऊन आलो. तिथं उभं राहिल्यावर डोक्यात हेच येतं.

ऐतिहासिक कादंबरीला शेवट लागतो, आणि तो भव्य लागतो. दुसरा दिवस तिच्या कामाचा नसतो. हे माझ्या लक्षात आलं ते मात्र इतिहास वाचून नव्हे. ते आलं आमच्या घरात.

१९९४ मध्ये वडील वारले. अम्मी तेव्हा पन्नाशीची होती. आमच्यात विधवेला इद्दत पाळावी लागते, चार महिने दहा दिवस. या काळात ती विनाकारण घराबाहेर पडत नाही, नटत-सजत नाही, दुसरं लग्न करत नाही. पहिले तीन दिवस आमच्या घरी चूल पेटली नाही, शेजारपाजारचं जेवण येत होतं. शेजारी मिशनच्या दवाखान्यात नोकरी केलेल्या एक बाई राहत. सगळी गल्ली त्यांना सिस्टर म्हणायची, अम्मी सिस्टरबाई म्हणायची. त्या दुसऱ्या दिवशी झाकलेलं पातेलं घेऊन आल्या. दारातच थांबून म्हणाल्या, ‘‘भाभी, माझ्या घरचं चालेल ना?’’ आमच्या एक म्हाताऱ्या फुफी गावाहून आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, क्या है अंदर? सिस्टर म्हणाल्या, ‘‘डाळ-भात आहे हो. डाळीत कसलं आलंय हलाल आणि हराम!’’ मयताच्या घरात पहिल्यांदा कुणीतरी हसलं. फुफीच हसल्या.

त्याच सिस्टरनी पंधरा दिवसांनी मला ‘स्मृतिचित्रे’ आणून दिलं. ‘‘आईला वाचून दाखव. नुसती भिंतीकडे बघत बसते.’’ अम्मीला मराठी बोलता येई, भाजीवाल्याशी घासाघीस करण्याइतपत अगदी झकास येई, पण वाचता येत नव्हतं. ती कुराण पढायची, उर्दू अडखळत वाचायची. मी मराठी घेऊन बी. ए. झालो होतो. लक्ष्मीबाई टिळकांचं नाव अभ्यासक्रमात होतं, दोन उतारे परीक्षेपुरते वाचलेही होते. पण उतारा म्हणजे लग्नातल्या जेवणाचा वास. पंगतीला बसणं वेगळं.

‘स्मृतिचित्रे’ ही कादंबरी नव्हे, आत्मचरित्र आहे. १९३४ ते १९३६ या काळात त्याचे भाग प्रसिद्ध झाले, आणि १९३६ मध्येच लक्ष्मीबाई गेल्या. पण वाचताना ते कुठल्याही कादंबरीइतकं ओढून नेतं. सुरुवातीलाच त्यांच्या वडिलांचं सोवळं येतं. १८५७ नंतरच्या धरपकडीत सासऱ्यांना फाशी झाली, त्याचा या गृहस्थांच्या मनावर असा परिणाम झाला की बाहेरून आलेली वस्तू धुतल्याशिवाय घरात घ्यायची नाही. मी वाचत होतो आणि अम्मी तांदूळ निवडत होती. ती थांबली. ‘‘नमक कैसा धोते होंगे रे वो लोगां?’’ तिला ती गंमत वाटली नव्हती. तो स्वयंपाकघरातला खराखुरा प्रश्न होता. मग तिनं आपल्या सासूबाईंची गोष्ट सांगितली. त्यांचं पाक-नापाक असंच टोकाचं होतं, आणि पाणी तर गल्लीतल्या एकाच नळाला, तेही दिवसातून एकदा. ही गोष्ट मी जन्मात ऐकली नव्हती. पुढचे तीन महिने हेच चाललं. मी पुस्तकातलं एक पान वाचायचो आणि तिकडून आमच्या घराचं एक पान निघायचं.

रेव्हरंड नारायण वामन टिळकांनी १८९५ साली मुंबईत बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंना ते आधी ठाऊक नव्हतं. नवरा असून नाही अशी ती अवस्था. पदरात लहान मूल, माहेरचे-सासरचे लोक हळहळणारे, पंढरपुरात काढलेले दिवस. पुढे त्या नवऱ्यापाशी राहायला नगरला आल्या, त्या आपलं सोवळं-ओवळं बरोबर घेऊनच आल्या. तो ख्रिस्ती, ही ब्राह्मण. त्यांनी स्वतः बाप्तिस्मा घेतला तो १९०० मध्ये, राहुरीला. मधे पाच वर्षं गेली. कादंबरीकार असता तर त्यानं या पाच वर्षांचं काय केलं असतं? ‘पाच वर्षे लोटली’ असं लिहून नवं प्रकरण उघडलं असतं. लक्ष्मीबाईंचं सगळं पुस्तक त्या पाच वर्षांत राहतं. घागर कुणाची, पाणी कुणी भरायचं, कुणाच्या हातचं खायचं. धर्म बदलणं ही गोष्ट पाटावर, चुलीपाशी, माठापाशी कशी घडते, हे मराठीत इतक्या बारकाईनं आणि इतक्या हसत हसत दुसऱ्या कुणी सांगितलेलं मला माहीत नाही. विनोद तर असा की मारणाऱ्यालाही हसू यावं.

अम्मी ऐकून म्हणाली, ‘‘पांच साल लगाई उसने. कोई हात पकडके नहीं ले गया. अपने पैर से गई.’’

मी मुसलमान घरातला असल्यामुळे हे प्रकरण वाचताना माझ्या मनात आणखी एक धागा होता. या मुलखातल्या माझ्या पूर्वजांत कुणीतरी बाई अशी असेलच, जिच्या घरात एक दिवस नवं नाव आणि नवी प्रार्थना आली. कुठल्या शतकात, कुठल्या गावात, मनानं की नाइलाजानं, काही कळायला मार्ग नाही. तिनं किती वर्षं लावली? जुन्या देवाला नवस बोलायची तिची सवय कधी सुटली, की सुटलीच नाही? बखरीत तिच्यासाठी जागा नाही आणि कादंबरीत ती कुणाला हवी असते? म्हणून लक्ष्मीबाईंचं पुस्तक मला परक्या घरातलं वाटलं नाही.

इद्दत संपत आली तसे आमच्याकडे नातेवाईक जमू लागले. मामू आणि भाईजान यांनी बसून ठरवलं की वडिलांचं शिलाई मशीन विकायचं, दुकानाचा गाळा सोडायचा आणि अम्मीनं पुण्याला भाईजानकडे राहायचं. सगळं तिच्या भल्यासाठी. आमच्या धर्मात विधवेच्या लग्नाला बंदी नाही. पैगंबरांची पहिली पत्नी हजरत खदीजा विधवाच होत्या, शिवाय स्वतःचा व्यापार सांभाळणाऱ्या होत्या. हे आम्ही भाषणात छातीठोकपणे सांगतो. पण गल्लीतल्या रिवाजात विधवेची जागा शेजारच्या वाड्यातल्या विधवेपेक्षा फार निराळी नसते: मुलाच्या घरातला एक कोपरा. त्या बैठकीत अम्मी काही बोलली नाही. चार महिने दहा दिवस पुरे झाले, त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिनं मशीनवरचं फडकं काढलं, तेल घातलं आणि सिस्टरच्या घरच्या पडद्याचं कापड मागवून घेतलं. पुढे सोळा वर्षं तिनं ते मशीन चालवलं. परकर, उशांचे अभ्रे, शाळेचे गणवेश. भाईजान चार महिने फोनवर नीट बोलत नव्हते.

पुस्तकामुळे तिनं असं केलं, असं मी म्हणणार नाही. ती मुळातच तशी होती. पण त्यानंतर कुठलीही कादंबरी हातात घेतली की मी शेवटाकडे संशयानं बघू लागलो. दुसऱ्या दिवशी काय झालं? बाईचं काय झालं?

या प्रश्नामुळे मी मागे मागे गेलो आणि ‘यमुनापर्यटन’पाशी येऊन पोचलो. बाबा पदमनजींनी १८५७ मध्ये लिहिलेलं हे पुस्तक मराठीतली पहिली कादंबरी मानलं जातं. पदमनजी मूळचे बेळगावचे, तीन वर्षांपूर्वीच ख्रिस्ती झालेले, वय अवघं पंचविशीचं. विधवाविवाहाचा कायदा आदल्याच वर्षी, १८५६ मध्ये झाला होता. कादंबरीतले यमुना आणि विनायक प्रवास करतात आणि जागोजागी त्यांना विधवा भेटतात, त्यांचं केशवपन, त्यांची उपासमार, त्यांच्यावरची नजर. मग यमुनाच विधवा होते. शेवटी ती ख्रिस्ती होते आणि पुनर्विवाह करते. खरं सांगायचं तर हे पुस्तक वाचताना दम लागतो. गोष्ट जरा कुठं धावू लागली की लेखक तिचा पदर धरून प्रवचन सांगायला बसवतो. पण एक गोष्ट त्याच्या नावावर लिहायलाच हवी. मराठीतली पहिली कादंबरी राजाची नाही, लढाईची नाही. ती विधवेची आहे, आणि नवरा मेल्यावर तिला जगायचं आहे, हे ती गृहीत धरते.

तरी पदमनजी पुरुष, आणि धर्मप्रसाराच्या हेतूनं लिहिणारे. हीच वाट एका बाईनं चालली तेव्हा काय झालं, ते कळलं कृपाबाई सत्यनादन यांच्यामुळे. हे नाव आपल्याकडे फारसं घेतलं जात नाही, त्याला कारण त्यांनी इंग्रजीत लिहिलं. पण बाई नगरच्या. १८६२ साली नगरला जन्मल्या. वडील हरिपंत खिस्ती आणि आई राधाबाई, दोघंही ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेले. वडील लवकर गेले. मोठ्या भावानं वाचनाची गोडी लावली, तोही तरुणपणीच गेला. डॉक्टर व्हायचं म्हणून १८७८ मध्ये मद्रासच्या मेडिकल कॉलेजात दाखल झाल्या. आनंदीबाई जोशी त्यासाठी अमेरिकेला निघाल्या त्याच्या पाच वर्षं आधीची ही गोष्ट. पहिल्या वर्षात उत्तम यश मिळालं, पण प्रकृतीनं दगा दिला आणि शिक्षण सुटलं. मग सॅम्युएल सत्यनादन यांच्याशी लग्न. १८९४ मध्ये, वयाच्या बत्तिसाव्या वर्षी, मृत्यू. एवढ्याशा आयुष्यात दोन कादंबऱ्या: ‘सगुणा’ आणि ‘कमला’.

त्यांची नवी आवृत्ती १९९८ मध्ये ऑक्सफर्डनं काढली. एका प्राध्यापक मित्रानं मला दिली. माझं इंग्रजी बेताचं. शब्दकोश मांडीवर घेऊन महिनाभर वाचत होतो. आणि गंमत अशी की थोड्या पानांनी शब्दकोशाची गरज कमी होत गेली. इंग्रजीच्या खालून मराठी ऐकू येऊ लागली. बालवयात सासरी आलेली राधा, सासूचा धाक, घरातल्या बायकांचं बोलणं, हे सगळं माझ्या ओळखीचं होतं. ‘सगुणा’ ही मद्रासच्या एका मासिकात १८८७-८८ मध्ये क्रमशः आली आणि लेखिका गेल्यावर १८९५ मध्ये पुस्तकरूपानं निघाली. ती बरीचशी आत्मचरित्रात्मक आहे. मला त्यातली आई सगळ्यात जास्त भिडली. नवरा ख्रिस्ती होतो, आणि तिचं जग पायाखालून सरकतं. या बाईचा धर्मांतराकडचा प्रवास मुलगी लिहिते आहे. ती मुलगी त्या धर्मात जन्मलेली आहे, त्यावर तिची श्रद्धा आहे. तरी आईचं भय आणि आईचा राग ती पुसून टाकत नाही. गोऱ्या मिशनरी मंडळींच्या वागण्यातला वरचेपणाही लपवत नाही. श्रद्धा असून डोळे उघडे ठेवता येतात, हे मला आमच्या काही वक्त्यांना सांगावंसं वाटतं. दोन्हीकडच्या.

‘कमला’ ही हिंदू विधवेची गोष्ट. एकाकी वाढलेली, वडिलांकडून थोडं शिकलेली मुलगी. लग्न होतं, सासरी छळ होतो, नवरा दुसऱ्या बाईच्या नादी लागतो. नवरा पटकीनं मरतो. पोरही जातं. मग तिच्यावर मनापासून प्रेम करणारा एक चांगला माणूस तिला विचारतो, माझ्याशी लग्न कर. आणि कमला नाही म्हणते. मिळालेला पैसा दुसऱ्या दुःखी बायकांसाठी वापरत जगते.

मी पहिल्यांदा वाचलं तेव्हा चिडलो. म्हटलं, हो म्हण ना बाई! अडवतं कोण? मग लक्षात आलं की लेखिकेला ‘हो’ लिहिणं फार सोपं होतं. ती ख्रिस्ती होती. पदमनजींनी यमुनेला ख्रिस्ती करून तिचं लग्न लावून दिलं होतं. कृपाबाईंनी कमलेला ना ख्रिस्ती केलं, ना तिचं लग्न लावलं. लहानपणापासून जे मनावर ठसलं आहे ते एका प्रकरणात पुसलं जात नाही, हे तिनं ओळखलं आणि नायिकेवर स्वतःचा धर्म लादला नाही. धर्मांतर केलेल्या आईबापांची मुलगी हे लिहिते, याचं मला मोठं अप्रूप वाटतं. कमला सती जात नाही, पुन्हा सौभाग्यवतीही होत नाही. ती उठते आणि दुसऱ्या दिवशीच्या कामाला लागते. ‘स्वामी’तल्या रमाबाईंसाठी मी रडलो होतो. कमलेसाठी रडू आलं नाही. तिच्याशी मी भांडलो, आणि अजून भांडतो आहे.

कृपाबाईंच्या चरित्रातली एक ओळ मला ते वाचल्यापासून सोडत नाही. लग्नानंतर त्या उटकमंडला, म्हणजे उटीला, राहत होत्या. तिथं त्यांनी मुसलमान मुलींसाठी शाळा सुरू केली होती. एकोणिसाव्या शतकाच्या ऐंशीच्या दशकातली गोष्ट. नगरच्या ब्राह्मण घरातून ख्रिस्ती झालेल्या दांपत्याची ही मुलगी, तमिळ नवऱ्याबरोबर निलगिरीच्या थंडीत राहते आणि पडद्यातल्या मुसलमान पोरींना शिकवते! मी हे अम्मीला सांगितलं. आता तिची दृष्टी अधू झाली आहे, कान मात्र शाबूत आहेत. तिनं विचारलं, ‘‘लडकियां कौन थ्यां? नाम क्या उनके?’’ नावं माझ्याकडे नाहीत. शिक्षिकेनं दोन कादंबऱ्या लिहून ठेवल्या. बाकांवर बसलेल्या मुलींचं काही माझ्या हाती लागलेलं नाही.

आमच्याकडे बायकांनी लिहिलंच नाही असं कुणी समजू नये. मेहरुन्निसा दलवाईंचं ‘मी भरून पावले आहे’ १९९५ मध्ये आलं. हमीद दलवाईंसारख्या वादळाबरोबर संसार केलेल्या बाईची ती हकिगत आहे, साधी आणि खणखणीत. १९९० साली सोलापूरला पहिलं मुस्लिम मराठी साहित्य संमेलन झालं, त्यानंतर लिहिणाऱ्या मुली हळूहळू दिसू लागल्या. पण कादंबरी, आणि तीही मागच्या काळातली, तिकडे अजून आमच्यातलं कुणी फारसं फिरकत नाही. ऐतिहासिक कादंबरी म्हटली की तलवार आलीच असं धरून चालतात, आणि तलवार आली की पुढच्या बाकावरची डोकी वळणार!

माझी भाची शाळेत शिक्षिका आहे. दोन वर्षांपासून ती उटीच्या त्या शाळेवर मराठीत कादंबरी लिहिते आहे. नायिका तिथल्या मुलींपैकी एक. तिला नाव भाचीनंच दिलं आहे, इतिहासानं तर दिलेलं नाही. काळाचे तपशील ती माझ्याकडून तपासून घेते आणि लिहून झालेलं प्रकरण रविवारी फोनवर नानीला वाचून दाखवते. नानीच्या सूचना फार असतात. त्या काळी चिमणीच्या उजेडात टीप कशी घालायची, थंडीत पोरींच्या अंगावर काय असेल, मास्तरीण बाई मुलींच्या घरचं पाणी प्यायली की नाही, ते लिही. मागच्या महिन्यात भाचीनं सांगितलं की शेवटच्या प्रकरणात नायिका तापानं मरते, तसं केलं तर परिणाम चांगला होतो. अम्मीनं फोन माझ्या हातात दिला आणि म्हणाली, ‘‘बोल उसकू. लडकी कू मारना नहीं. उसकू अगला दिन दे.’’ भाचीनं ते प्रकरण सध्या बाजूला ठेवलं आहे.